कीस कुठे जाईल

रबाळ्याच्या शेडमध्ये, पहाटे पावणेचारला
चार धारांच्या एंडमिलने कापणं सोडलं.
स्पिंडल फिरत होता,
ती नुसती घासत होती.
बाहेर काढली तर धारांमधल्या पन्हळी
ॲल्युमिनियमने बुजलेल्या,
गच्च, चकचकीत,
दाढेत चांदी भरावी तशा.

बत्तीस झाकणं करायची होती. सात झाली.
आठव्याच्या पॉकेटमध्ये ओरखडा, नख अडकेल इतका.
रजिस्टरात लिहिलं: रिजेक्ट एक.
सही, क. मढवी.
कारणाचा रकाना कोरा ठेवला.

ड्यूटी सुटल्यावर घरी गेलेच नाही.
स्कूटी विटाव्याच्या पुलाखालून, कळवा, कोर्ट नाका,
वागळे इस्टेटमध्ये पेंडुरकरांचं शटर
अजून अर्धंच वर होतं.
वाकून आत गेले.

त्यांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं,
एंडमिल बोटांत फिरवली,
जांभळट कोटिंगवरून अंगठा नेला.
"स्टीलची ही. गुणाची आहे.
चुकीच्या घरात दिलीत.
हिच्या कोटिंगमध्येच ॲल्युमिनियम आहे थोडं,
माहेरचं माणूस भेटलं, आता सोडेल कशाला?"
मग भिंग काढून, स्वतःशीच,
"मऊ आसा म्हणान सोपा नाय ता."

पॉकेट किती खोल? बावीस.
कोपऱ्याला रेडियस? चार.
स्पिंडल? आठ हजार, त्यापुढे किंचाळतो.
कूलंट? रॉकेल, ब्रशने.
ब्रश कोण मारतं?
मीच.
ते हसले नाहीत. कागदावर लिहून घेतलं.

मग एकेक ड्रॉवर.
प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये झोपलेली कार्बाइड,
बिनकोटिंगची, पन्हळी आरशासारख्या;
एकीत मला माझी रात्रपाळीची भुवई दिसली.
पंचेचाळीस अंशांचा पीळ असलेली एक:
"कीस वर फेकते. पण वाइस ढिला असेल
तर जॉबलाही उचलते. वाइस बघा आधी."
एक लांबलचक. ती त्यांनीच परत ठेवली.
"बावीसला पंचवीस पुरे. उरलेली लांबी नुसती थरथरते."

मला तीन धारांची आवडली होती.
सहा एमएम, हातात छान बसली.
म्हटलं, तीन म्हणजे काम लवकर ना?
"लवकर. बाजूने कापाल तेव्हा ही घ्या, मी नाही म्हणणार नाही.
तुम्ही मधून घुसताय, अख्ख्या रुंदीने.
कीस कुठे जाईल?"

गोठिवलीच्या दोन खोल्यांत आम्ही सहाजण.
जागा नसली की काय चिकटतं, काय तापतं,
हे मला वेगळं शिकवावं लागत नाही.
दोन धारांची घेतली.
सेठनी आठशे मंजूर केले होते, बिल अकराशे चाळीस.
वरचे माझे. मागेन. देतील, बहुतेक.

निघताना त्यांनी जुनी एंडमिल कागदात गुंडाळून दिली.
"कॉस्टिकच्या पाण्यात टाका. ॲल्युमिनियम जाईल,
कार्बाइड राहील. काचेच्या बरणीत हां.
पातेल्यात टाकाल तर पातेलंच जाईल."

संध्याकाळी वाइस दोनदा आवळला.
फीड साडेसहाशे, जरा भीत भीत.
आवाज आला तो किंचाळण्याचा नव्हता,
कोणीतरी शांतपणे सुपारी कातरत बसावं तसा.
आणि कीस उडाला,
सुटा, कोरडा, वळलेला,
हजारो स्वल्पविराम
रॉकेलच्या ओल्या मेजावर.

एक माझ्या वेणीत सापडला, जेवताना.

मग आदल्या रात्रीचं पान उघडून
कोऱ्या रकान्यात लिहिलं: जागा कमी पडली.
सुपरवायझर बोंद्रे म्हणाले, हे काय कारण झालं?
मी म्हटलं, पुढची पाळी वाचेल.

घरी मोरीच्या खिडकीत बरणी ठेवली आहे.
आई विचारते, काय उकळतंय त्यात, गॅसशिवाय?
बारीक बुडबुडे, एकामागून एक.
तळाशी एक धार
थोडी उघडी झाली आहे.